न्हाणीची चूल

प्लॅस्टिक जाळून टाकावं, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, विहिरीवर शेजारणींशी बोलताना मी हेच सांगायची: उकिरड्यावर टाकू नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका, चुलीत घाला. आज त्याच बायकांना मी उलट सांगते. त्यातल्या काही जणी तोंडावर विचारतात, "वैनी, मागं तुम्हीच सांगितलात की जाळा म्हणून. आता काय झालं?" त्यांना सविस्तर उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते इथे देते आहे.

त्या मताला कारणं होती, आणि ती आजही मला उथळ वाटत नाहीत. आमचं गुंजी हे खानापूर तालुक्यातलं गाव. बेळगावहून गोव्याला जाणारा रस्ता आणि लोंढ्याकडे जाणारी रेल्वे दोन्ही इथूनच जातात. बाकी भोवताली रान आणि भाताची शेतं. उघड्यावर टाकलेली पिशवी वाऱ्याने बांधावर जाते, बांधावरून पावसात पाटात जाते, आणि पाट तुंबला की खाचरातलं पाणी नको तिकडे फुटतं. त्याहून वाईट म्हणजे गुरं. भाजीचा देठ किंवा आंब्याची साल आत राहिलेली पिशवी गाय तशीच गिळते. ती पोटात साठत जाते, रवंथ बंद होतो, आणि जनावर खंगत खंगत जातं. हे ज्याने गोठ्यात पाहिलंय त्याला पिशवी चुलीत घालणं हे पुण्याचं काम वाटलं तर नवल नाही. मला तसंच वाटे.

दुसरं कारण पावसाचं. आमच्याकडे मृग लागला की जळण कितीही झाकून ठेवा, त्याला ओल धरतेच. स्वयंपाकाला गॅस आला, पण आंघोळीचं पाणी बहुतेक घरांत अजून न्हाणीच्या चुलीवर, हंड्यातच तापतं. आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत पहाटे उठून ओलं लाकूड पेटवायचं म्हणजे फुंकून फुंकून डोळे सुजतात. पूर्वी दोन थेंब रॉकेल घातलं की भागायचं. रेशनचं रॉकेल कमी होत गेलं आणि त्याची जागा न कळत दुधाच्या पिशवीने घेतली. एक पिशवी चुरगाळून खाली सारायची, काडी लावायची, की ठिबकत ठिबकत ती पेटते आणि वर लाकूड धरतं. घरातलं प्लॅस्टिक संपतं, जळण पेटतं, गुरांना धोका राहत नाही. एका कामात तीन कामं होत होती. शहरातली माणसं येऊन "प्लॅस्टिक जाळू नका" म्हणायची तेव्हा मला वाटे, यांनी एकदा श्रावणात पहाटे आमची चूल पेटवून दाखवावी.

माझं मत बदललं ते राखेमुळे.

आमच्या घरी राख वाया जात नाही. चाळून घेतलेली राख देवाची तांब्या-पितळेची भांडी घासायला, उरलेली परसातल्या वेलांना आणि अळवाला, आणि सगळ्यात शेवटची शेणखताच्या खड्ड्यात. एकदा नवरात्राच्या आधी भांडी काढली होती आणि मी राख चाळत होते. चाळणीत काळ्या, गुळगुळीत, काचेसारख्या कडक गुठळ्या उरल्या. काही मण्याएवढ्या, काही चिंचोक्याएवढ्या. त्यांच्यात औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांची चांदी, चुरगळलेली पण न जळलेली. एक गुठळी नखाने फोडायला गेले तर फुटली नाही, वाकली. शेजारी सूपभर काकड्या होत्या, आमच्याच परसातल्या, त्याच राखेवर वाढलेल्या. मी चाळणी तशीच धरून बसले. इतकी वर्षं मी म्हणत होते की जाळलं की संपलं, आणि ते माझ्या चाळणीत पडलं होतं.

त्यानंतर मी जरा वाचायला लागले, विचारायला लागले. सिमेंटच्या भट्ट्यांत प्लॅस्टिक इंधन म्हणून घालतात, हे मी पूर्वी वादात पुढे करत असे. ते खरंच आहे. पण तिथे आतलं तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतं, जळणारा वायू बराच वेळ त्या उष्णतेत राहतो, आणि धूर गाळायची सोय असते. न्हाणीच्या चुलीला यातलं काही नाही. तिथे प्लॅस्टिक अर्धवट जळतं. काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि कितीतरी विषारी वायू निघतात. त्यात जुन्या वायरचं साल, रेक्झिनचा तुकडा किंवा पाइपचा कुटका असला, म्हणजे पीव्हीसी असलं, तर त्यातल्या क्लोरीनमुळे डायऑक्सिन तयार होतं. ते वर्षानुवर्षं नाहीसं होत नाही आणि चारा, दूध असं करत माणसाच्या चरबीत जाऊन साठतं. म्हणजे जी गाय वाचवायला मी पिशवी जाळत होते, तिच्याच दुधातून ते आमच्या घरी परत यायची वाट मी मोकळी करत होते.

आणि हा धूर जातो कुठे? पावसाळ्यात आमच्या कौलारू घरांत धूर वर चढत नाही, माळ्याखाली साचून राहतो. तो ओढते ती चुलीपुढे बसलेली बाई, आणि तिच्या पाठीशी शेकायला बसलेलं पोर. या एका गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. घरातल्या पुरुषांनी पिशव्या आणायच्या आणि घरातल्या बायकांनी त्यांचा धूर घ्यायचा, अशी वाटणी कुणी ठरवून केली नव्हती, पण ती झाली होती.

ही आमच्याच गावची गोष्ट नाही. लीड्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक अंदाज मांडला. जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी २० लाख टन प्लॅस्टिक कुणाच्या ताब्यात न राहता बाहेर सांडतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त उघड्यावर किंवा घरोघरी जाळलं जातं. त्यात भारताचा वाटा सुमारे ९३ लाख टन, सगळ्या देशांत मोठा. ज्या घरांपर्यंत कचऱ्याची गाडी पोचत नाही ती घरं दुसरं काय करणार, असं त्या अभ्यासाचं एकूण सांगणं आहे. ते वाचताना मला आमची आळी दिसली.

कायदा तर केव्हाचा आहे. कर्नाटकाने २०१६च्या मार्चमध्येच पिशव्या, ताटं, कप, थर्माकोल यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१८ साली, आणि १ जुलै २०२२पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठराविक वस्तूंवर बंदी आली. २०२२च्या अखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ हातातली पिशवी चालत नाही. कचरा जाळू नये हेही २०१६च्या नियमांत स्पष्ट आहे. पण माझ्या चुलीत जे जात होतं त्यातलं बहुतेक या बंदीत बसतच नाही. दुधाची पिशवी, तेलाचं पाकीट, शाम्पूची पुडी, बिस्किटांचं वेष्टन, साबणाच्या पावडरीचं पाकीट, हे सगळं कायदेशीर आहे. हातातली पिशवी बंद झाली म्हणून आपण समाधान मानलं, आणि त्या पिशवीच्या आत जे येत होतं ते तसंच येत राहिलं. कंपन्यांनी आपली वेष्टनं गोळा करायची जबाबदारी नियमांत लिहिली आहे, आणि ती त्यांच्याकडून घेतली गेलीच पाहिजे. पण एक रुपयाची शाम्पूची पुडी गुंजीच्या दुकानातून परत न्यायला कुणी येईल, याची वाट बघत मी चूल पेटती ठेवू शकत नव्हते.

मग आधी चुलीचंच बघितलं. बायकांना नुसतं "जाळू नका" म्हटलं तर पहाटेचं काय, हा प्रश्न उरतोच. पूर्वी मी स्वतःच तो विचारत होते. आता वैशाखातच पातेरा गोळा करून जुन्या पोत्यांत दाबून माळ्यावर टाकते. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या फेकत नाही, वळचणीच्या आत कोरड्या जागी रचते. शेणी फोडून बारीक तुकडे वेगळ्या डब्यात. दुसऱ्या दिवशीचं जळण आदल्या संध्याकाळी चुलीच्या कडेला उबेत उभं करते. एवढं केलं की सुक्या शेंडीवर चूल धरते. पिशवीइतक्या लवकर नाही, पण धरते. आमच्या सासूबाई हेच करायच्या. रॉकेलच्या काळात आम्ही ते सोडून दिलं होतं.

त्यानंतर उंबऱ्याचं. न जाळायचं म्हटलं तेव्हा पहिल्यांदा घरात येणारं सगळं प्लॅस्टिक साठायला लागलं आणि डोळ्यांना दिसायला लागलं. पडवीत टांगलेलं पोतं बघता बघता भरलं. जाळत होते तोवर आपल्या घरात किती येतं याचा मला पत्ताच नव्हता, कारण रोजचं रोज नाहीसं होत होतं. ते पोतं बघूनच घरातल्या पुरुषमंडळींनाही पटलं. माझ्या बोलण्याने पटलं नसतं.

तेल आता घाण्यावरून कॅनमध्ये आणतो. डाळ, गूळ, रवा यांना डबे नेतो. दुकानदाराला सुरुवातीला ते जड गेलं. "काकू, आधी डब्याचं वजन, मग मालाचं. गर्दीच्या वेळेला जमत नाही बघा," म्हणाला. त्याचंही खरं होतं. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या बांधून ठेवलेल्या पिशव्या देणं त्याला सोपं. मग मी डब्यांच्या बुडावर रंगाने वजन लिहून घेतलं आणि दुपारच्या मोकळ्या वेळी जायला लागले. आता तो डबा उलटा करून आकडा वाचतो आणि मोजायला लागतो. मासळीवाली दारात येते तेव्हा पातेलं घेऊनच बाहेर जायचं. पूर्वी वर्तमानपत्रात पुडी बांधून दोरा गुंडाळायचे, तसंच करा असं काही जण सुचवतात. पण छापील कागदाची शाई खाण्यात उतरते, म्हणून मी ते सुचवत नाही.

दुधाची पिशवी टळत नाही. आमची म्हैस आटली की रतीबही मिळत नाही, मग पिशवीच. ती कापताना कोपरा पूर्ण तोडून टाकायचा नाही, चीर द्यायची आणि तुकडा पिशवीलाच राहू द्यायचा, हे मी नातवंडांना शिकवलंय. तो चिमूटभर तुकडा सुटला की कुठल्याच भंगारात जात नाही. केरात, तिथून मातीत जातो. पिशवी आतून धुवायची, दोरीवर वाळवायची, गठ्ठा करून भंगारवाल्याला द्यायची. धुतलेल्या सुक्या पिशवीला तो पैसे देतो, माखलेल्या पिशवीला हात लावत नाही. तरी भंगारात दिलं म्हणजे सगळं सुटलं असं मी आता मानत नाही. २०१७ साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की २०१५पर्यंत जगात झालेल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचाच पुनर्वापर झाला. एकदा चटका बसला की मग न आलेलं प्लॅस्टिकच सगळ्यात बरं वाटायला लागतं.

जेवणावळींचं मात्र फार मनाला लागतं. रानात पानं असताना आणि पत्रावळी लावणाऱ्या बायका अजून गावात असताना आपण चकचकीत कागदाची ताटं आणतो. त्या कागदावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो भिजत नाही, म्हणूनच आमटी गळत नाही. खानापूर तालुका मातीच्या भांड्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेला, खुद्द खानापुरात खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे, आणि पाहुण्यांना चहा मात्र आतून प्लॅस्टिक लावलेल्या कपात. माझं आमच्या बायकांना सांगणं आहे की गटाच्या पैशांतून एकदा स्टीलची ताटं आणि पेले घेऊया आणि आळीत कार्य असेल तिथे फिरवूया. धुवायला माणसं लागतील, तर त्या बायकांना मजुरी द्यावी. ताटं विकत आणायचे पैसे वाचतातच.

हे होण्यासारखं आहे, अशी आशा मला वेंगुर्ल्याने दिली. आमच्याकडची मंडळी समुद्र बघायला जातात ते हे गाव. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून द्यायला लावला, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं, आणि जिथे नाक दाबून जावं लागे ती कचऱ्याची जागा लोक मुद्दाम बघायला जातील अशी केली. छोटं गाव, साधी माणसं. आधी घराघरांतून वेगळं करून दिलं गेलं, म्हणून पुढचं झालं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही आणि ती बायकांनीच बोलली पाहिजे. पाळीचे पॅड आणि लहान मुलांचे डायपर. दोन्हींत प्लॅस्टिक भरपूर, आणि दोन्ही गुपचूप न्हाणीच्याच चुलीत जातात. माझ्या सुनेला मी कापडी पॅड शिवून दिले. ती म्हणाली, "आत्या, उन्हाळ्यात ठीक आहे. पावसात वाळणार कुठे? दमट कपडा घेऊन इन्फेक्शन झालं तर?" तिचं बरोबर आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही, आणि ते कापड चारचौघांत वाळत घालायची सोय घरात नाही. पाळीत वापरायच्या सिलिकॉनच्या कपाबद्दल ती आरोग्यकेंद्रातल्या ताईंना विचारून आली आहे. माझ्या पिढीला ते अवघड वाटतं, तिला नाही.

पण सगळ्याच मुली तसं करणार नाहीत, आणि कुणावर सक्ती करायचा मला अधिकार नाही. कर्नाटकात बऱ्याच ग्रामपंचायतींनी कचऱ्याच्या गाड्या बचत गटांच्या बायकांच्या हाती दिल्या आहेत. गाडी बाईच्या हाती असेल तर पॅडची वेगळी बांधलेली पुडी मुली तिच्याजवळ देतील, पुरुषाजवळ देणार नाहीत. पुढे ती पुडी कुठे जाणार, ती जाळायची तर खऱ्या भट्टीत जाळली जाणार का, आणि ती भट्टी तालुक्याला कधी मिळणार, हे प्रश्न येत्या ग्रामसभेत मी उभी राहून विचारणार आहे. पुरुषांसमोर हे बोलायचं म्हणून दोघी-तिघी कचरत होत्या. त्यांतल्या दोघी सोबत यायला तयार झाल्या आहेत.