कावेरीत उतरण्यापूर्वी
तंजावर म्हटले की मराठी माणसास सरफोजीराजे व सरस्वतीमहाल आठवतात; पण या मुलखाचे जीवन आहे ते कावेरीचे पाणी. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. साठा पुरेसा असल्यास रिवाजाप्रमाणे १२ जूनला त्याचे दरवाजे उघडतात आणि काही दिवसांतच कल्लणै येथून पाणी कालव्यांत पसरते. काल कोरडे असलेले पात्र आज खोल होते! म्हणून येथे कयाक ही चिंचोळी होडी वल्हवू इच्छिणाऱ्या नवशिक्याने आधी पाण्याची वार्ता घ्यावी, मग साहित्य जमवावे.

साहित्यात पहिला मान तरंगत्या जाकिटाचा. पट्टे आवळून ते खांद्यांपाशी वर ओढून पाहावे. हनुवटीवर चढले तर सैल समजावे. त्यानंतर शिरस्त्राण, शिट्टी आणि जाणता सोबती. परंतु बांधावरून कोसळणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते व माणसास पुनःपुन्हा खाली ओढते. तेथे जाकिटाचाही इलाज चालत नाही. बांधाच्या बरेच अलीकडे काठ गाठावा व होडी खांद्यावर घेऊन पुढे जावे. आडिपेरुक्कूच्या सणास येथील कुटुंबे काठावरून भरल्या नदीस वंदन करतात. तोच आदर होडी वल्हवणाऱ्याच्या अंगीही असावा.