जाड तार, बारीक तार

सायकलच्या चाकातील तारा खांबांप्रमाणे भार पेलतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. जोब्स्ट ब्रँट यांनी ‘द बायसिकल व्हील’ या १९८१ च्या ग्रंथात ती उलगडून दाखवली. तारा मुळातच ताणलेल्या असतात. स्वाराचे वजन पडले की जमिनीलगतच्या तारांचा ताण तेवढा उतरतो, इतरांत फारसा फरक पडत नाही. प्रत्येक फेऱ्यात हा चढउतार सोसून तार थकते आणि बहुधा हबजवळच्या बाकापाशी किंवा आट्यांपाशी तुटते.

पुण्यातील एका सायकल व्यापाऱ्याच्या घरात यावरून बरेच दिवस बोलणे चालले होते. मुलाला डोंगरवाटांसाठी २९ इंची, ३२ तारांची हलकी चाके बांधायची होती. वडिलांची हयात २ मिलिमीटरच्या सरळ तारेवर गेलेली.

“उतारावर दीड मिलिमीटरच्या तारेवर जीव टांगणार का?”

“पप्पा, बाक आणि आटे दोन मिलिमीटरचेच आहेत. बारीक आहे तो फक्त मधला भाग.”

सारे मर्म या मधल्या भागात आहे. तेथे तारेचा छेद निम्म्याहून थोडाच अधिक, ५६ टक्के, उरतो. म्हणून तेवढ्याच ताणात ती पुष्कळ अधिक लांबते. दगडावर आपटून रिम दबली, तर जाड तार लवकर सैल पडते; बारीक तार मात्र काही ताण राखून असते आणि धक्का शेजारच्या तारांत वाटला जातो. थकवा मधला भाग सोसतो, बाक वाचतो. शिवाय अशी तार महाग असते. येथे कमी धातूला अधिक दाम पडतो!

तथापि वडिलांची शंका अगदीच निराधार नव्हती. बारीक तारांचे चाक आडव्या जोराला अधिक लवते, आणि स्वार ८० किलोंचा. मागच्या चाकात दातेचक्रांमुळे उजव्या तारांवर ताण अधिक. पुढे डिस्क ब्रेकमुळे डाव्यांवर. अखेर त्या दोन बाजूंना मध्यभागी १.८ मिलिमीटरच्या आणि उरलेल्या बाजूंना १.५ च्या तारा ठरल्या. डिस्कचा जोर हबकडून तारांतूनच रिमपर्यंत जातो, म्हणून गुंफण तीन छेदांची. ॲल्युमिनियमच्या निपलांनी दर चाकामागे सुमारे २० ग्रॅम वाचले असते. पण पितळी निपल अधिक टिकतात, म्हणून मुलाने तो मोह सोडला. दोन्ही चाकांत मिळून वजन सुमारे १२० ग्रॅम घटणार होते.

बांधणीला वडीलच बसले. बारीक तार निपलबरोबर पीळ खाते, हे त्यांनी पहिल्याच तारेत ओळखले. प्रत्येक तारेवर शाईचा ठिपका दिला. ठिपका फिरला की किल्ली थोडी पुढे नेऊन तितकीच मागे घ्यायची. आउट काढायला संध्याकाळ झाली. मुलगा शेजारी बसून ठिपके मोजत होता.