कार्यालयातील संगणक आणि दौंडचा पेनड्राइव्ह

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा सहलीविषयी किंवा स्नेहसंमेलनाविषयी लिहावे असे बहुतेकांचे मत पडले. दौंडच्या आमच्या मित्राने मात्र "संगणकाचं लिहा की" एवढेच म्हटले आणि आम्ही सारे गप्प झालो. म्हणून तेच लिहीत आहोत.

गोष्ट २०१० सालच्या दिवाळीनंतरची. आम्ही दहावीत होतो. कार्यालयातील एकुलत्या एका संगणकात वसतिगृहातल्या प्रत्येकाच्या जातीच्या दाखल्याची आणि गुणपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत होती. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत आठ दिवसांवर आली होती. लेखनिक भाऊंना एके सकाळी दिसले की, प्रत्येक फोल्डरचे चित्र फोल्डरचे असले तरी संगणक त्याला 'अ‍ॅप्लिकेशन' म्हणतो आहे. व्हायरस आहे हे ओळखून त्यांनी ते सारे पुसले. पुसल्यावर 'डी' ड्राइव्ह पूर्ण रिकामा दिसू लागला.

आमच्यातील कित्येकांचे आईवडील तेव्हा ऊसतोडीला गेलेले होते. मूळ दाखले घरच्या पत्र्याच्या पेटीत आणि घराला कुलूप. कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडात कोणाला गाठायचे?

आदल्याच दिवशी दौंडच्या मित्राने एक कागद छापून घेण्यासाठी आपला पेनड्राइव्ह त्या संगणकाला लावला होता. त्याचे वडील रेल्वेत ट्रॅकमन. सुट्टीत चुलतभावाने तो पेनड्राइव्ह गाण्यांनी भरून दिला होता. आम्हांला पुरावा तेवढा पुरेसा वाटला. त्या रात्री त्याच्याशी कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या उशाखालचा पेनड्राइव्ह काढून घेतला, प्रयोगशाळेतील संगणकावर फॉरमॅट केला आणि वर स्नेहसंमेलनाची छायाचित्रे काठोकाठ भरली. तो दारात उभा राहून पाहत होता.

विज्ञान शिकविणारे सरच संगणकही शिकवीत. कार्यालयाचा संगणक फॉरमॅट करण्याचा विचार चालला होता. सरांनी दोन दिवस मागून घेतले. शिरूरला जाऊन नेटकॅफेतून त्यांनी मायक्रोसॉफ्टचे व्हायरस काढण्याचे मोफत साधन उतरवले आणि मुद्दाम सीडीवर आणले. पेनड्राइव्हवर आणले असते तर औषधाची बाटलीच बाधली असती; एकदा लिहून बंद केलेल्या सीडीत व्हायरसला शिरता येत नाही.

मग एफ-८ दाबून संगणक सेफ मोडमध्ये, तोही फक्त कमांड प्रॉम्प्टपुरता, उघडला. चित्रे नाहीत, माऊसचे काम नाही. काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. सरांनी सांगितले, नेहमीच्या पद्धतीने विंडोज सुरू केले की व्हायरसही सोबत जागा होतो. येथे तो बहुधा निजलेलाच राहतो. साधन चालविण्यापूर्वी त्यांनी संगणकाचे घड्याळ बरोबर आहे ना ते पाहिले, ड्राइव्हवरील लपलेल्या फाइलींची यादी निर्मितीच्या तारखांसह पडद्यावर आणली आणि वहीत उतरवून घेतली. ही वही कशासाठी, हे आम्हांला तेव्हा उमगले नाही.

आज्ञा आम्हीच टंकली: 'एमआरटी', तिरपी रेघ, 'एफ', दोन टिंबे, 'वाय', पुन्हा तिरपी रेघ आणि 'क्यू'. एफ म्हणजे कोपरा न् कोपरा तपास, वाय म्हणजे सापडेल ते काढून टाक, क्यू म्हणजे निमूटपणे काम कर. एंटर दाबताच लुकलुकती रेघ परत आली. आम्हांला वाटले, झाले! सरांनी खोक्यावरच्या लाल दिव्याकडे बोट केले. तो थरथरत होता. आत काम चालू होते.

तासाभरात भारनियमनाची वेळ झाली आणि सारे मुसळ केरात. रात्री वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. जागे राहण्यासाठी सर गोष्टी सांगत. त्यांतली कैलास आणि संजय काटकर या भावांची गोष्ट आमच्या मनात राहिली. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. थोरल्याने दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले, धाकट्याला संगणक शिकविला. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढण्यासाठी धाकट्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधून पुढे 'क्विक हील' उभे राहिले. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ती रात्र आठवली. दहावी झालेला माणूस! आम्ही तर अजून दहावीतच होतो.

पहाटे दिवा शांत झाला. विंडोजच्या 'डिबग' फोल्डरमध्ये साधनाने स्वतःची नोंद लिहून ठेवली होती. काय सापडले, काय काढले, सारे तिच्यात होते. तरीही ड्राइव्ह रिकामाच. खरे फोल्डर व्हायरसने लपविलेले होते आणि साधन त्यांना उघडे करीत नाही. त्यासाठी 'अ‍ॅट्रिब' ही वेगळी आज्ञा. आमच्यातील एकाने फक्त 'लपलेले' ही खूण काढायला सांगितली, तर संगणकाने नकार दिला; 'सिस्टीम' ही खूणही सोबत काढावी लागते. दोन्ही उणे चिन्हांसह टंकल्या आणि इयत्तावार फोल्डर एकेक करून परतले. आम्ही एवढे ओरडलो की स्वयंपाकाच्या मावशी धावत आल्या. सारे अर्ज मुदतीत गेले.

त्यानंतर सरांनी वही उघडली. व्हायरसच्या पहिल्या फाइलीची तारीख जुलैची होती. खोट्या फोल्डरवर क्लिक केले की खरा फोल्डरच उघडत असे, म्हणून चार महिने कोणाच्या लक्षात आले नव्हते. जुलैमध्ये दौंडच्या मित्राजवळ पेनड्राइव्हच नव्हता. कार्यालयाचा पेनड्राइव्ह मात्र छपाईसाठी सारखा बाहेर जात-येत होता. उलट आमच्याच संगणकाने त्याचा पेनड्राइव्ह बाधविला होता.

आम्ही तो परत करायला गेलो. गाणी पुन्हा भरून घेता येतील, असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा त्याने सांगितले, त्यात त्याच्या आजोबांचा आवाज होता. ते गायनपार्टीत गात; उन्हाळ्यात वारले. चुलतभावाच्या मोबाइलवर तेवढेच एक ध्वनिमुद्रण होते आणि तो मोबाइल दिवाळीतच विकला गेला होता. सरांनी पेनड्राइव्ह हाती घेऊन विचारले, "फॉरमॅटनंतर यावर काही भरलं का?" नुसत्या फॉरमॅटने अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर बरेचदा परत मिळतो. आम्ही छायाचित्रे भरली होती, काठोकाठ. सरांनी तरीही दोन रात्री प्रयत्न केला. दोन गाण्यांचे तुकडे हाती आले. त्यांत आजोबा नव्हते.

त्याची माफी आम्ही तेव्हा मागितली नाही. निकालानंतर तो दौंडला गेला, आम्ही पांगलो. आता तो आमच्या तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आहे. कोणाचा संगणक अडला की सर्वांत आधी त्याचाच फोन येतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काही पुसलं नाहीस ना अजून?"