भीमेच्या पाण्यामागून श्रीशैलाकडे

बिदरच्या तांबड्या पठारावर किंवा कलबुर्गीच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला पाण्याची ओळख होते ती विहिरीच्या काठावरून. आपल्याकडचे पाणी खोल असते, अरुंद असते आणि ते ओढून वर काढावे लागते. बिदरकरांच्या पूर्वजांनी तर जमिनीच्या पोटात करेज खोदून ते मैलोगणती आणले. असे असता, ज्याचा पैलतीर दिसत नाही अशा गोड्या पाण्यावर दिवसभर नौकेतून हिंडावे ही कल्पना आपल्या घरांतून फारशी निघत नाही. आणि निघालीच तर ती परदेशी गेलेल्या मुलांच्या निरोपातून निघते.

आमच्या घरी ती तशीच निघाली. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर उन्हाळ्याच्या दिवसांत प्रवासी जहाजे फिरतात, तेव्हा सर्वांनी मिळून यावे, असा मुलांचा आग्रह होता. तेथील सुपीरियर सरोवर एकटेच सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे आजचे आपले बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढी भूमी होते तिच्या पाचपट! पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पंचमांश त्या पाच सरोवरांत आहे म्हणतात. ऐकून मन थक्क होते. परंतु आमच्या घरच्या थोरल्या काकूंनी ऐंशी ओलांडली आहे, आणि त्यांना मागे ठेवून करावयाचा आनंद तो कसला आनंद? तेव्हा आम्ही नकाशा उलगडला आणि आपल्या दाराशी असे काही आहे का, ते पाहू लागलो.

दख्खनच्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती माणसाने नद्या अडवून निर्माण केलेली आहेत. भालकी तालुक्यातील कारंजा जलाशय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मांजरेवरील निजामसागर हे निजामी अमदानीतील काम, १९३१ साली पुरे झालेले. परंतु दिवसभराचा खराखुरा जलप्रवास हवा असेल तर कृष्णेकडे वळावे लागते. नागार्जुनसागरापासून श्रीशैलाच्या पायथ्यापर्यंत नल्लमलाच्या डोंगररांगांतून सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरचा जलमार्ग आहे, आणि जलाशयात पाणी पुरेसे असते तेव्हा तेलंगणाच्या पर्यटन महामंडळाची लाँच त्या मार्गाने जाते. वाट पाच-सहा तासांची आहे.

हे वाचून दाखवताच काकूंनी विचारले, "म्हणजे पाताळगंगेपाशीच का?" आणि बेत तेथेच ठरला.

पाताळगंगा हे नाव गाणगापूरच्या छायेत राहणाऱ्या मराठी घराला सांगावे लागत नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर वास्तव्य केलेले श्रीनृसिंहसरस्वती अखेर श्रीशैल्यास निघाले आणि पाताळगंगेत पुष्पासनावर बसून कर्दळीवनाकडे दिसेनासे झाले, ही कथा गुरुचरित्राच्या शेवटच्या अध्यायांत आहे. सप्ताहाच्या अखेरीस ती ऐकताना आपल्या माजघरांतून कितीतरी डोळे आजवर ओलावले असतील. मनात येते, आपल्या परंपरेतील हा एक जलप्रवासच नव्हे काय?

परंतु त्या वनावर केवळ आपलाच हक्क आहे असे समजू नये. आमच्या शेजारच्या लिंगायत घरातील अक्कांनी हा बेत ऐकला, तेव्हा त्याही तितक्याच उत्सुकतेने पुढे सरसावल्या. बाराव्या शतकात अक्कमहादेवी कल्याणास आल्या, शरणांच्या मेळ्यात राहिल्या आणि तेथून श्रीशैलाच्या कदळीवनात जाऊन मल्लिकार्जुनात एकरूप झाल्या, ही त्यांची श्रद्धा. ते कल्याण म्हणजे आपल्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठीत कर्दळी, कन्नडात कदळी, वन एकच. एक वाट गाणगापुराहून निघालेली, दुसरी बसवकल्याणहून. दोन्ही आपल्याच दोन जिल्ह्यांतून निघाल्या आणि एकाच पाण्याच्या काठी जाऊन थांबल्या. दोन भाषांच्या सीमेवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून जवळची कोणती गोष्ट असू शकेल?

पाण्याची वाटही हेच सांगते. बिदरचे बरेचसे पाणी मांजरेतून गोदावरीस जाते; परंतु बसवकल्याण-हुमनाबादच्या बाजूची मुल्लामारी दक्षिणेस वळते, चिंचोळीवरून कागिणेस मिळते आणि कागिणा भीमेस. गाणगापूरचा संगम ओलांडून आलेली भीमा रायचूरच्या उत्तरेस कृष्णेत विलीन होते. पुढे जुराळा, मग श्रीशैलम्, मग नागार्जुनसागर. ज्या पाण्यात आपण संगमावर बुडी मारतो, तेच पाणी त्या लाँचला तोलून धरणार आहे.

या जलाशयांच्या तळाशी काय आहे तेही प्रवाशाने जाणून घ्यावे. नागार्जुनसागर धरणाची कोनशिला १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि १९६७ साली इंदिरा गांधींच्या हस्ते कालव्यांत पाणी सोडण्यात आले. ज्या खोऱ्यात हे पाणी साठले तेथे तिसऱ्या-चौथ्या शतकांतील इक्ष्वाकू राजांची विजयपुरी ही राजधानी होती. पाणी चढण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, पुरातत्त्वखात्याने तेथे विस्तृत उत्खनन केले. स्तूप आणि विहारांचे अवशेष उचलून नागार्जुनकोंड्यावर व अनुपू येथे पुन्हा रचले. पूर्वीचा डोंगरमाथा आता बेट झाला आहे व त्यावर वस्तुसंग्रहालय आहे. श्रीशैलम् जलाशयात तर शंभराच्या आसपास गावे गेली; १९८१ साली लोकांना घरेदारे सोडावी लागली. तेथील संगमेश्वराचे देऊळ पावसाळ्यात बुडते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की डोके वर काढते. दगडी मूर्तींना नवे घर क्रमाक्रमाने, मापे घेऊन बांधून मिळाले. माणसांच्या वाट्याला तेवढी निगुती आली असे म्हणवत नाही. कारंजेच्या काठी ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही.

आता बेताविषयी. पहिला प्रश्न ऋतूचा. आषाढ-श्रावणात निघणे चुकीचे. सह्याद्रीवर पाऊस झाला, उजनी व आलमट्टी भरून वाहू लागली की मग खालचे जलाशय भरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यात केवढा हाहाकार केला ते आपण विसरलेलो नाही. उलट २०२३ साली पाऊस रुसला आणि जलाशय भरलेच नाहीत. नागार्जुनसागराची पूर्ण पातळी ५९० फूट आहे. ती बरीच खाली असेल तर लाँच निघत नाही. म्हणून दिवाळीनंतरचा काळ धरावा आणि निघण्यापूर्वी आठ दिवस महामंडळाकडे चौकशी करून मगच रजा टाकाव्यात.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि येथे भीड बाळगू नये. १५ सप्टेंबर २०१९ रोजी गोदावरीत पापिकोंडलूच्या सहलीस निघालेली नौका पुराच्या पाण्यात उलटली आणि कितीतरी कुटुंबे उजाड झाली. तेव्हा नदीला पूर असता नौकेत बसावयाचे नाही, खाजगी होडीच्या स्वस्ताईस भुलावयाचे नाही, आणि अंगावर तरंगते जाकीट चढवल्याखेरीज धक्का सोडावयाचा नाही, असे तीन नियम आम्ही घरातील लहानथोरांकडून कबूल करून घेतले आहेत. काकूंनी नऊवारीवर जाकीट कसे बसेल अशी शंका काढली. अक्कांनी ते आपण बांधून देऊ असे आश्वासन दिले.

मार्ग असा योजला आहे. कलबुर्गीकरांनी वाडी-तांडूरवरून आगगाडीने आणि बिदरकरांनी जहिराबादवरून मोटारीने हैदराबादेस एकत्र यावे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ती आपली राजधानीच होती, त्यामुळे मुक्कामास आप्तांची वाण नाही. तेथून नागार्जुनसागर सुमारे दीडशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी नागार्जुनकोंड्याचे बेट पाहावे. मात्र तेथील संग्रहालय शुक्रवारी बंद असते हे ध्यानात ठेवावे. तिसऱ्या दिवशी सकाळी लाँच. ती श्रीशैलम् धरणाच्या खालच्या अंगास लिंगालगट्टू येथे उतरवते, म्हणून मोटार रस्त्याने आधीच श्रीशैलास पाठवावी. परतीचा रस्ता व्याघ्र-अभयारण्यातून जातो व रात्री तेथील वाहतूक बंद असते. तेव्हा सकाळीच निघावे. शिदोरीस कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि धपाटे असले म्हणजे दोन दिवस चिंता नाही.

श्रीशैलास मल्लिकार्जुन आणि भ्रमरांबा यांचे दर्शन घ्यावे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, शिवाजी महाराज भागानगराहून येथे आले होते. देवालयाच्या उत्तर गोपुराशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मग पाताळगंगा. पूर्वी शेकडो पायऱ्या उतराव्या लागत. आता रज्जुमार्गाने काठापर्यंत जाता येते. तेथून अक्कमहादेवींच्या गुहेकडे नौका जातात, परंतु उतरल्यावर चढणीची पायवाट आहे. तरुणांनी जावे. काकूंना तो चढ झेपणार नाही. हे त्यांना कोणी सांगावे या विवंचनेत आम्ही होतो. तोच त्या म्हणाल्या की आपल्याला वनात जावयाचे नाही, पाण्यात चार फुले सोडावयाची आहेत, तेवढे झाले की पुरे. अक्काही त्यांच्याबरोबर काठावरच बसणार आहेत. गुहेस वाहावयाचे बिल्वपत्र त्या मुलांच्या हाती देतील.

सुपीरियर सरोवर आम्ही रद्द केलेले नाही. ते मुलांच्या आनंदासाठी कधीतरी पाहू. परंतु त्या अथांग पाण्यावर आपल्याला ओळखणारे कोणी नसेल. या पाण्याला आपली ओळख आहे. वाचकांपैकी ज्या कुटुंबांत अशी ऐंशीच्या घरातील माणसे असतील, त्यांनी यंदा भीमेला पाणी किती येते याकडे लक्ष ठेवावे. आणि जलाशय भरल्याची वार्ता आली की पुढच्या वर्षावर ढकलू नये.