फेस कशाचा?

घटस्थापना दोन दिवसांवर आली होती आणि ओट्याचा नळाजवळचा कोपरा मला बघवत नव्हता. आमचं पुण्यातलं घर १९८८चं. ओटा कडप्प्याचा, सासूबाईंनी हौसेनं बसवून घेतलेला. मूळचा काळाभोर, पण सोसायटीत निम्मं वर्ष बोअरचं पाणी येतं आणि ते जिथे वाळतं तिथे पांढरा थर ठेवून जातं. नळाच्या बुडाशी त्याचा पापुद्राच धरला होता. साबण झाला, तारेची घासणी झाली, थर काही हलेना. शेवटी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली आणली, नाकाला ओढणी बांधली आणि कोपऱ्यावर चांगली धार सोडली.

सुर्र आवाज झाला आणि पांढरा फेस उसळला. मला कोण आनंद! फेस आला म्हणजे मळ निघाला, हे साबणाच्या जाहिराती बघत वाढलेल्या आपल्या पिढीचं साधं गणित. फेस ओसरायला लागला तशी मी आणखी धार सोडली आणि दहा मिनिटं तसंच राहू दिलं. भांडी घासायला आलेल्या मावशींना अभिमानानं दाखवलं, "बघा, किती वर्षांचा मळ निघतोय."

मावशी आमच्याकडे चौदा वर्षं आहेत. त्यांनी ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "ताई, हे हातावर उडालं तर कातडं सोलून निघतं. दगडाला सोसंल व्हय?"

"दगडाला काय होतंय!" मी म्हटलं.

काय होतं ते ओटा वाळल्यावर दिसलं. थर गेला होता, पण सोबत काळा रंगही गेला होता. ताटाएवढा राखाडी चट्टा उमटला होता आणि त्यावरून बोट फिरवलं तर शाळेतल्या पाटीसारखं खरखरीत लागत होतं. गंमत म्हणजे ओला केला की चट्टा गायब, वाळला की हजर. म्हणून मी त्याला कायमचा ओला ठेवायचा बेत केला: खोबरेल तेलाचा हात फिरवला. दोन दिवस ओटा नव्यासारखा दिसला. तिसऱ्या दिवशी त्यावर पोळ्यांचं पीठ चिकटलं, मग धूळ, मग मुंग्या. तेल काढायला पुन्हा साबण लावला आणि चट्टा होता तिथे परत आला.

दिवाळीनंतर हॉलच्या मार्बलला पॉलिश करायला एक मिस्त्री आले. माणूस राजस्थानचा, हयात घिसाईच्या कामात गेलेली. चहा घ्यायला स्वयंपाकघरात डोकावले आणि चट्ट्यावर तळवा ठेवून म्हणाले, "मॅडम, ये दाग नहीं है. पत्थर जल गया है." मला काही ते पटेना. गॅलरीत कुंडीखाली कडप्प्याचा उरलेला तुकडा होता. तो त्यांनी धुऊन पुसून आणला, खिळ्यानं ओरखडला, निघालेल्या भुकटीवर माझ्याच बाटलीतला एक थेंब टाकला. सुर्र. तोच आवाज, तोच फेस. त्या तुकड्यावर पाण्याचा थर नव्हता की मळ नव्हता. फेस दगडाचाच होता.

शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र तेव्हा कुठे जागं झालं. कडप्पा हा चुनखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाचा झालेला. म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की ते विरघळतं, कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो आणि आपल्याला फेस दिसतो. आणि नळाजवळचा तो पांढरा थर? जड पाणी वाळल्यावर मागे उरणारा क्षारही बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच. डाग आणि दगड, दोघंही एकाच जातीचे. एकाला खाणारं ॲसिड दुसऱ्याला ओळख दाखवून सोडून देईल, अशी माझी अपेक्षा होती.

कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची गॅलरीतली फरशी, जिन्यातला राजस्थानचा कोटा आणि ओट्याचा कडप्पा हे सगळे चुनखडक. मार्बल म्हणजे जमिनीच्या पोटात उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेला चुनखडकच. ग्रॅनाईट तेवढा वेगळ्या घराण्यातला. त्यात गारेचे आणि फेल्डस्पारचे कण असतात, लिंबू-चिंचेला तो दाद देत नाही. घरात इतके दगड होते आणि मी सगळ्यांनाच 'फरशी' म्हणून एकाच बादलीनं पुसत होते.

ओट्याचा उलगडा झाला तसा देवघराचाही झाला, आणि तो जास्त झोंबला. आमच्या देवघराचा पाट पांढऱ्या मार्बलचा. त्यावर वर्षभरापासून निस्तेज वर्तुळं उमटली होती, उजेडात तिरकं बघितलं तरच दिसणारी. मी ते खापर मावशींवर फोडलं होतं. "पुसताना जरा जोर लावत जा," असं एकदा नव्हे, तीनदा बोलले होते. मिस्त्रींनी वर्तुळांकडे बघितलं आणि शेजारचा तांब्याचा कलश उचलून एका वर्तुळावर ठेवला. बूड तंतोतंत बसलं. दुसऱ्यावर समई बसली.

सणाच्या आदल्या दिवशी देव आणि पूजेची भांडी घासत असे मीच. मावशींना त्यांना हात लावू देत नसे. चिंच आणि मीठ. तांबं कसं लखलखतं! घासलेला कलश मी निथळत तिथेच टेकवत होते आणि चिंचेचं आंबट पाणी बुडाखाली रात्रभर मार्बल चाटत होतं. शिवाय त्या पाटाला दोन वर्षांपूर्वी सीलर लावून घेतला होता, म्हणून मी निर्धास्त. सीलर तेल आणि रंग आत मुरायला उशीर लावतो. आम्लाला तो थोपवत नाही. अशा वर्तुळांना कितीही पुसलं तरी उपयोग नसतो. तिथे पुसण्यासारखं काही नसतंच, वरची झिलई गेलेली असते. ती परत आणायला पॉलिशच लागतं.

खरा डाग वेगळा. तो दगडाच्या आत मुरलेला असतो. त्याच पाटावर हळदीचा एक ठिपका होता. तो काढायला मी धुण्याच्या सोड्याचं पाणी लावलं, तर पिवळा ठिपका बघता बघता लाल झाला! घाबरलेच. मग आठवलं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही करामत. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो. मिस्त्रींनी सांगितलेला उपाय घरगुती होता. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साईड मैद्यात कालवायचं, थालीपिठाएवढा जाड लेप द्यायचा, वर प्लॅस्टिक चिकटवून दिवसभर ठेवायचं, मग प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्यायचा. वाळताना तो आतलं वर ओढतो. पहिल्या खेपेला ठिपका फिका झाला, तिसऱ्या खेपेला शोधावा लागला. ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवराला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप देतं, तो याच जातीचा उपाय.

जावेनं मात्र ऐकून नाक मुरडलं. "म्हणून आम्ही ग्रॅनाईट घेतला," म्हणाली. तिच्या ओट्यावर, गॅसच्या डाव्या हाताला, फिकट ग्रॅनाईटमध्ये काळपट ओघळ आहे. तेलाची बरणी तिथे असते. ग्रॅनाईटला लिंबू खात नाही, पण बारीक छिद्रांतून तो तेल पितो. ते वरून पुसून निघत नाही. त्यालाही लेपच, फक्त पेरॉक्साईडऐवजी खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवून. ओघळ आता निम्म्यावर आलाय. बरणीखाली बशीही आली.

हॉलच्या मार्बलची गोष्ट याहून साधी निघाली. तिथे ॲसिड नव्हतं, चिंच नव्हती, तरी दारापासून सोफ्यापर्यंतची वाट मळकट दिसायची. चपलांबरोबर येणारी वाळू मार्बलपेक्षा बरीच कठीण असते. आम्ही ती आधी न झाडता ओल्या फडक्यानं पुसत होतो, म्हणजे फडक्याचा पॉलिशपेपर करून रोज घासत होतो. शिवाय चमक यावी म्हणून मी बादलीत दुप्पट लिक्विड ओतत असे. त्याचा राहिलेला पापुद्रा धूळ धरून ठेवायचा. आता आधी केरसुणी, मग साध्या पाण्यात लिक्विडचे चार थेंब, मग कोरडं फडकं. दारात जाड पायपुसणं. पॉलिशला मोजलेले पैसे आठवले की हे कष्ट वाटत नाहीत.

मिस्त्री गेल्यावर मी मावशींना देवघरापाशी बोलावलं आणि वर्तुळावर कलश ठेवून दाखवला. "माझंच चुकलं होतं," म्हटलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "मग आता चिंचेनं घासायचं न्हाई?" "घासायचं, पण मोरीत. आणि धुऊन, पुसून मगच वर." "मंग द्या इकडं, मीच घासते," म्हणाल्या. त्या दिवसापासून सणाची भांडी आम्ही दोघी मिळून घासतो.

ओट्याचा चट्टा मिस्त्रींनी हातमशीननं काढून दिला. आधी खरखरीत चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक. ओट्यावरून राखाडी चिखल वाहत होता. रंग जवळपास जुळला. पण जळलेला भाग घासून काढल्यामुळे तिथे उथळ खळगा राहिलाय. डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो, आणि पाण्यालाही. नळाचं सांडलेलं पाणी नेमकं तिथेच जमतं. रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी पांढरी कड दिसते. ती वेळेवर दिसली तर तासभर ओलं फडकं ठेवायचं आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडायची. न दिसू देणं त्याहून सोपं.

म्हणून रोज रात्री झाकपाक झाली, गॅस पुसला, दिवा मालवायला हात गेला की मी मागे वळते आणि सुकं फडकं घेऊन तो खळगा कोरडा करते. अर्ध्या मिनिटाचं काम. छत्तीस वर्षं संध्याकाळची आवराआवर झाली की सासूबाई ओटा सुक्या फडक्यानं पुसायच्या, आणि मी म्हणायची, "अहो आई, वाळेल की आपोआप."