बक्षिसी : एक राजीखुशीचा मामला

बक्षीस, बक्षीसपत्र आणि बक्षिसी हे तीन शब्द एकाच घरातले. पण तिघांची प्रतिष्ठा सारखी नाही. स्नेहसंमेलनात व्यासपीठावर बोलावून देतात ते बक्षीस. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवून जमीन रक्ताच्या नात्यात दिली जाते ते बक्षीसपत्र. आणि हॉटेलातील बडीशेपेच्या बशीत उरलेली मोड ठेवून आपण उठतो ती बक्षिसी. तिघांचेही मूळ फारसीतील ‘बख्शीदन’ या क्रियापदाशी जाते. त्याचा अर्थ देणे, आणि क्षमा करणेही. उर्दूत जीव ‘बख्शला’ जातो तो याच अर्थाने. देणे आणि माफ करणे एका क्रियापदात सुखाने नांदू शकतात, कारण दोन्हींसाठी एक माणूस वर आणि एक खाली असावा लागतो.

हा शब्द आमच्या कानावर नव्याने पडला तो इजिप्तमध्ये. 2024 च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे (दोघेही मराठीचे अध्यापक, धाराशिव जिल्ह्यातील दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत) तेथे गेलो होतो. लक्झरच्या पश्चिम तीरावरील राजांच्या दरीत, तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात, पहारेकऱ्याने विजेरीचा झोत एका कोपऱ्यातील चित्रावर टाकला आणि हळूच म्हटले, ‘बक्षीश’. परदेशात मातृभाषेतला शब्द ऐकू आला की माणसाला भरून येते म्हणतात. आम्हाला खिसा चाचपावा लागला.

समूहसहलीत हा प्रश्न बहुधा आधीच मिटलेला असतो. दरडोई, दररोज अमुक इतके असे ठरवून सहलीचा व्यवस्थापक रक्कम गोळा करतो आणि पुढे वाटतो. देणाऱ्याला घेणाऱ्याचा चेहरा पाहावा लागत नाही. आमची सहल खासगी होती. आठ दिवस आमच्यापुरती एक गाडी, एक चालक, एक मार्गदर्शक. निघताना हाती दिलेल्या कागदावर लिहिले होते : मार्गदर्शकास दररोज दहा डॉलर, चालकास पाच, आणि खाली, ‘अर्थात हे सर्वस्वी ऐच्छिक आहे.’ दर ठरलेला आणि देणे ऐच्छिक, असे हे विधान. विरोधाभास अलंकाराचे उदाहरण म्हणून ते वर्गात देता येईल.

त्यातील दहास पाच हे प्रमाण आम्हाला मुळीच परके वाटले नाही. आमच्याकडे सप्ताहात कीर्तनकाराला बिदागीचे पाकीट मिळते, मृदंगवाल्याला त्याहून हलके, आणि टाळकऱ्यांना पंगत. बोलणाऱ्याला अधिक, हे जगभर सारखेच असावे. आमचा मार्गदर्शक फार चांगला बोलत असे. पण नाईलच्या काठाने, अंधारात, दिवे न लावता येणाऱ्या गाढवगाड्या चुकवत आमचा जीव सांभाळला तो न बोलणाऱ्याने.

तिसऱ्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट घडू लागली. चालक दार उघडून धरी, पाण्याची बाटली पुढे करी, आणि आमच्या मनात शंका येई : हे सौजन्य की हिशेब? संहितेतील प्रत्येक ओळीमागे हेतू शोधण्याची आम्हाला व्यवसायाने सवय. ती सवय एका माणसाच्या हसण्यावर चालवणे फार वाईट. आणि तोही आम्हाला वाचतच असणार. कोणते प्रवासी देतील, किती देतील, हे त्याला आमच्या चपलांवरूनही कळत असेल. मार्च 2024 मध्ये तेथील सरकारने पौंड बाजाराच्या हवाली केला, तेव्हा डॉलरला एकतीसच्या आसपास असलेला भाव पन्नाशीच्या घरात गेला. ज्याचा पगार पौंडात त्याच्या घरात त्या आठवड्यात काय झाले असेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आमची पाच डॉलरची नोट त्याच्या लेखी नोटेपेक्षा बरीच मोठी होती, आणि तिच्याविषयी एक अक्षर बोलण्याची त्याला सोय नव्हती.

हे न बोलणे आम्ही दुसऱ्या बाजूनेही जाणतो. तालुक्याच्या व्याख्यानमालेत बोलून झाले की शाल, नारळ आणि पाकीट मिळते. किती देणार, हे आधी विचारायचे नाही आणि पाकीट चारचौघांत उघडायचे नाही, हा संकेत. ते उघडायचे एसटी गावाच्या वेशीबाहेर पडल्यावर. त्यात प्रवासखर्चही निघाला नाही तरी दुसऱ्या वर्षी आमंत्रण आल्यावर ‘आनंदाने’ असेच कळवायचे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना जे मिळते त्याचे नाव मानधन. या समासात मानही अपुरा आणि धनही. समास मात्र निर्दोष. पगार मागता येतो, थकला तर त्यासाठी मोर्चा काढता येतो. बिदागी, मानधन, दक्षिणा, बक्षिसी यांच्यासाठी मोर्चा निघाला तर लोक हसतील.

मराठी प्रवासवर्णन आपण बहुतेक देणाऱ्याच्या नजरेने वाचत आलो आहोत. गाइड, टांगेवाला, हमाल ही त्यातली विनोदाची हक्काची पात्रे. पण या परंपरेच्या आरंभकाळात उभा असलेला एक थोर ग्रंथ घेणाऱ्याचा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. वाटेत बंड पेटले, झाशीचा वेढा पाहिला, मिळालेले धन लुटले गेले. चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये छापलेले ‘माझा प्रवास’ आपण सत्तावनच्या बंडाचा वृत्तांत म्हणून शिकवतो. ते पदरात पडणाऱ्या पैशांची वाट पाहणाऱ्या माणसाचे प्रवासवर्णन म्हणूनही एकदा शिकवून पाहावे.

चालकाचे प्रवासवर्णन मात्र अद्याप कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही. ते लिहू शकेल असा एक जण आम्हाला ठाऊक आहे. वाशी तालुक्यातला, मराठी घेऊन एम. ए. झालेला आमचा विद्यार्थी. नेट-सेटच्या दोन-तीन परीक्षा दिल्यावर तो पुण्यात पर्यटकांची गाडी चालवू लागला. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर अशी देवदर्शनाची फेरी त्याला पाठ आहे. इजिप्तहून आल्यावर आम्ही त्याला या टिपेच्या व्यवहाराविषयी विचारले. तो म्हणाला, “सर, मालक पगार कमी सांगतो आणि वर म्हणतो, पार्टी देतीलच की. म्हणजे माझा अर्धा पगार अनोळखी माणसाच्या मूडवर. आणि मॅडम, लोक देतात ते वाईट नाही देत. फक्त देताना दुसरीकडे बघतात.” रात्री यात्रेकरू भक्तनिवासात झोपतात आणि तो गाडीत, हेही त्याने सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

मालकाची ही युक्ती केवळ पुण्याची नव्हे. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यावयाचे केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर थांबलेले आहे. उरलेले गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघावे अशी तजवीज. न भरले तर फरक मालकाने द्यावा असे कायदा म्हणतो, आणि अनेक राज्यांनी स्वतःचा दर वाढवलाही आहे. तरी मजुरीचा काही भाग पाहुण्याच्या दिलदारीवर सोपवण्याची कल्पना शाबूत आहे. दिलदार व्हायला कोणाला आवडत नाही?

मग नावानिशी हक्क ठरवून दिला की प्रश्न सुटतो, असे म्हणावे तर आडवे येते बलुते. त्रिं. ना. आत्रे यांनी ‘गावगाडा’त (1915) ज्या व्यवस्थेची चिकित्सा केली तिच्यात बलुते हा वतनाचा हक्क होता, उपकार नव्हता. पण तो हक्क घेण्यासाठी खळ्यावर, दारात कसे उभे राहावे लागे, हे दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव देऊन 1978 मध्ये कायमचे सांगून ठेवले. हक्काच्या धान्यालाही भिकेची चव येऊ शकते. ती वाढणाऱ्याच्या हातावर अवलंबून. विद्यार्थ्याचे ‘दुसरीकडे बघतात’ आम्हाला म्हणूनच अधिक लागले.

आठव्या रात्री कैरोच्या विमानतळावर आम्ही दोन पाकिटे काढली. दहास पाच हे प्रमाण आम्ही मोडले होते. दोघांना सारखेच, ऐंशी-ऐंशी डॉलर. मार्गदर्शकाने पाकीट न उघडता कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, छातीवर हात ठेवून मान लववली. व्याख्यानानंतर आम्ही करतो अगदी तसेच. चालकाने मात्र तेथेच, दिव्याखाली, पाकीट फोडले आणि नोटा मोजल्या. सावकाश, दोनदा. एका नोटेची कड फाटलेली होती. ती त्याने आमच्यापुढे धरली, आमच्याकडे सरळ पाहिले आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले की ही बँकेत घेत नाहीत, बदलून द्या. आम्ही बदलून दिली. मग त्याने हात मिळवला आणि सामान उतरवायला गेला.