साक्ष कर्त्याची

मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात जामसावळीला मारुती आडवा आहे. पिंपळाखाली निजलेली ही मूर्ती स्वयंभू मानतात, तिच्या नाभीतलं पाणी तीर्थ म्हणून घेतात. मूर्ती आधी उभी होती. खाली धन असेल म्हणून चोर ती हलवायला गेले तेव्हा आडवी झाली, असं इथे सांगतात. ती कुणी, कोणत्या हेतूने घडवली, याचं उत्तर द्यायला कुणी नाही आणि त्यावाचून भक्तांचं अडतही नाही. मग कलेचा अर्थ लावताना कर्त्याचा हेतू विचारायचा कशाला? माझ्या मते विचारावा. पण ती साक्ष समजावी, निकाल नव्हे.

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक याचं उदाहरण. ते १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात रंगमंचावर आलं. पेशवाईतल्या नाना फडणविसांची, ब्राह्मणांची बदनामी झाली अशी ओरड उठली, नाटक करणाऱ्या संस्थेने प्रयोग थांबवले, कलावंतांनी १९७३मध्ये थिएटर अकॅडमी काढली. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असं तेंडुलकर सांगत राहिले. सत्ता आपल्या गरजेपोटी घाशीराम कसे उभे करते, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांचं म्हणणं नाटकातच सापडतं. नाना घाशीरामला त्याच्या मुलीच्या, गौरीच्या, मोबदल्यात पुण्याची कोतवाली देतो आणि गरज सरल्यावर त्याला जमावाच्या हवाली करतो. पण नानाचं नाव, पुणं, तिथली बावनखणीची वस्ती हीसुद्धा तेंडुलकरांचीच निवड. खरं नाव घ्यायचं आणि प्रेक्षकाने ते मनावर घेऊ नये म्हणायचं, हे त्याच्यावर बंधनकारक कसं होईल? ज्यांना लागलं, त्यांना नाटकातलंच लागलं. म्हणून प्रयोग थांबवणं योग्य ठरतं, असं मात्र मुळीच नाही.

वयाबरोबर हे नाटक मला वेगळं दिसत गेलं. विशीत सगळा राग नानावर होता. पुढे नजर खिळली ती नाचणाऱ्या-गाणाऱ्या ब्राह्मणांच्या रांगेने रंगमंचावर उभ्या केलेल्या माणसांच्या भिंतीवर. ती पाठ फिरवते, आडोसा देते, पुन्हा हरिनामात रंगते आणि घाशीराम मेल्यावरही नाचते. आता मला ते गप्प राहणाऱ्यांचं नाटक वाटतं. तेंडुलकरांनी तसं म्हटलं असतं तर माझ्या वाचनाला बळ आलं असतं. पण त्यांच्या दुजोऱ्यावाचून ते कोसळत नाही, कारण भिंत समोर उभी आहे. यावर कुणी म्हणेल, मग कुणीही काहीही अर्थ काढावा! तसं नाही. घाशीरामला निव्वळ बिचारा ठरवू पाहणाऱ्याची वाट नाटकच अडवतं. चोरी केली नाही म्हणणाऱ्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायला तोच लावतो.